लहान कारखान्याचे स्वयंचलन : सुरुवात बिघाडापासून करावी

साकीनाका, वसई, रबाळे अशा भागांतील गाळ्यांमधून रेल्वेला आणि इतर मोठ्या ग्राहकांना सुटे भाग पुरवणारे अनेक लहान कारखाने आता यंत्रांना पीएलसी (प्रोग्रामनुसार यंत्र चालवणारा लहान औद्योगिक संगणक) बसवण्याच्या आणि कार्यालयाचा कारभार संगणकावर नेण्याच्या विचारात असतात. अशा वेळी मालकाचा पहिला प्रश्न बहुधा यंत्र तासाला किती नग काढील असा असतो. त्याआधी विचारायला हवा तो प्रश्न असा, की तार तुटली, वीज गेली, सेन्सर गंजला किंवा एखादी नोंद राहून गेली तर ही यंत्रणा काय करील? या लेखातील सर्व सूचना याच एका प्रश्नाभोवती आहेत.

रेल्वेच्या सिग्नल व्यवस्थेने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी शोधले. विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये पेटंट घेतलेल्या ट्रॅक सर्किटमध्ये रुळांच्या एका तुकड्यातून सौम्य विद्युतप्रवाह सोडलेला असतो आणि तो दुसऱ्या टोकाचा रिले, म्हणजे विद्युतचुंबकाने चालणारा स्विच, उचलून धरतो. गाडी त्या तुकड्यावर आली की तिची चाके आणि आस दोन्ही रूळ जोडतात, प्रवाह रिलेपर्यंत पोहोचत नाही, रिले खाली पडतो आणि सिग्नल लाल होतो. महत्त्वाचे हे, की पुरवठा बंद पडला, तार तुटली किंवा पावसाचे पाणी खडीत साचून प्रवाह गळू लागला, तरीही रिले पडतो आणि सिग्नल लालच होतो. जुलैमध्ये शीव-कुर्ला पट्ट्यात पाणी भरले की लोकल खोळंबतात आणि प्रवाशांचे हाल होतात हे खरे. परंतु ट्रॅक मोकळा असल्याची खात्री नसेल तर गाडी थांबवावी, हा निर्णय त्या व्यवस्थेच्या रचनेतच घेतलेला आहे. कारखान्यातही तोच आधी घ्यावा.

सुरुवात एकाच यंत्राने करावी. ते यंत्र रोज चालवणारा कारागीर, दुरुस्ती करणारा फिटर आणि विजेचे काम पाहणारा वायरमन यांना एकत्र बसवून कागदावर यादी करावी : कोणता भाग बिघडू शकतो, तो बिघडल्यावर यंत्राने कोणत्या स्थितीत जावे आणि ते कोणाला कळावे. ‘बिघाड झाला की वीज तोडा’ एवढे उत्तर पुष्कळदा अपुरे ठरते. उभ्या हायड्रॉलिक प्रेसची होज, म्हणजे तेलाची नळी, फुटली तर पंप बंद करूनही रॅम, म्हणजे दाब देणारा भाग, स्वतःच्या वजनाने खाली येऊ शकतो. म्हणून रॅम जागीच धरणारा व्हॉल्व्ह थेट सिलिंडरवर बसवावा लागतो. ग्राइंडिंग यंत्रावरील विद्युतचुंबकीय चकची, म्हणजे पकडीची, वीज गेली तर जॉब, म्हणजे घडवला जाणारा नग, सुटून उडतो. तेथे पकड टिकवणे हीच सुरक्षित स्थिती असते. ही माहिती कारागिरांकडेच असते, आणि ती न विचारता बाहेरून मागवलेले कोटेशन कितीही आकर्षक असले तरी अपुरे समजावे.

वायरिंग करताना थांबवण्याचे प्रत्येक बटण आणि गार्डचा प्रत्येक स्विच एनसी, म्हणजे नेहमी जोडलेला, असावा. मग त्याची तार सुटली तरी यंत्र थांबते. बटण एनओ, म्हणजे दाबल्यावरच जोडले जाणारे, ठेवले तर तुटलेली तार कोणाच्या लक्षातही येत नाही आणि गरजेच्या क्षणी बटण दाबून काहीच होत नाही. आणीबाणीचे बटण केवळ पीएलसीच्या इनपुटवर सोडू नये. ते सेफ्टी रिलेमार्फत (सुरक्षेसाठीच्या खास रिलेमार्फत) धोकादायक हालचालीचा पुरवठा थेट तोडणारे असावे, कारण पीएलसीच्या आउटपुटचा संपर्क चिकटून राहू शकतो. दाब किंवा तापमान मोजणाऱ्या ट्रान्समीटरसाठी ४ ते २० मिलिअँपिअरचा संकेत निवडावा. त्यात शून्य मापाला ४ मिलिअँपिअर येतात. त्यामुळे प्रवाहच शून्य झाला तर तार तुटली आहे हे प्रोग्रामला लगेच ओळखता येते. वीज जाऊन परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होता कामा नये. कोणीतरी डोळ्यांनी पाहून बटण दाबल्यावरच ते सुरू व्हावे.

पीएलसीचा जन्मच रिलेंनी भरलेली पॅनेल बदलण्यासाठी झाला. जनरल मोटर्सने १९६८ मध्ये अशा नियंत्रकाची मागणी मांडली आणि त्यातून मोडिकॉन ०८४ तयार झाला. त्याची प्रोग्राम लिहिण्याची लॅडर (शिडीसारख्या आकृतीची) पद्धत रिलेच्या आकृतीसारखी ठेवली गेली, ती वायरमनला वाचता यावी म्हणूनच. आज पीएलसीच्या भाषांसाठीच्या आयईसी ६११३१-३ या आंतरराष्ट्रीय मानकात इतरही भाषा आहेत, पण लहान कारखान्याने मुख्य प्रोग्राम लॅडरमध्येच मागावा असे मला वाटते, कारण रात्रपाळीत अडचण आली तर समोर उभ्या असलेल्या माणसाला ती समजली पाहिजे. प्रत्येक हालचालीला वेळेची मर्यादा घालावी : जॉब पकडणाऱ्या क्लॅम्पला आज्ञा दिल्यावर ठरलेल्या सेकंदांत हालचाल पूर्ण झाल्याचे सांगणारा लिमिट स्विच लागला नाही, तर यंत्र थांबावे. क्लॅम्प उघडा आणि बंद असे दोन्ही संकेत एकाच वेळी आले, तरीही थांबावे. पडद्यावर ‘फॉल्ट १७’ असे दाखवण्यापेक्षा ‘क्लॅम्प बंद झाला नाही, डावा स्विच पाहा’ असा मराठी संदेश दिसावा, आणि पाळीत हिंदी वाचणारे कारागीर असतील तर तोच हिंदीतही दिसावा. या कामाला थोडाच वेळ लागतो आणि त्याचा उपयोग रोज होतो.

मुंबईच्या दमट, खारट हवेसाठी पॅनेल जमिनीपासून उंच बसवावे, केबल खालून ग्लँडमधून घ्याव्यात आणि आत बाष्प साचू नये म्हणून लहान हीटर ठेवावा. मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या केबल सेन्सरच्या तारांपासून वेगळ्या न्याव्यात.

कार्यालयातील सॉफ्टवेअरलाही हाच नियम लागू करावा, आणि तो बहुधा येथेच विसरला जातो. रेल्वेच्या मालाचे इन्स्पेक्शन होते तेव्हा नग कोणत्या हीट नंबरच्या (भट्टीतून एका वेळी काढलेल्या घाणीचा क्रमांक) पोलादातून आला आणि त्याचे टेस्ट सर्टिफिकेट कुठे आहे, हे दाखवावे लागते. म्हणून माल आत घेताना हीट नंबरचा रकाना रिकामा असेल, तर पुढचे जॉबकार्ड, म्हणजे कामाचा आदेश, निघूच नये. ‘नंतर भरू’ अशी सोय ठेवली की तो रकाना कायम रिकामा राहतो आणि तयार लॉट अडकून पडतो. वार्षिक उलाढाल पाच कोटी रुपयांहून अधिक असल्यास जीएसटीचे ई-इन्व्हॉइस काढावे लागते. तेथेही पोर्टलवरून आयआरएन, म्हणजे बिलाचा नोंदणी क्रमांक, मिळाल्याशिवाय बिल छापले जाणार नाही अशी रचना असावी. रेल्वेच्या निविदा आयआरईपीएस या रेल्वेच्या ऑनलाइन खरेदी पोर्टलवर भरताना डिजिटल स्वाक्षरी लागते. तिची मुदत संपण्यापूर्वी महिनाभर आधी आठवण यावी, शेवटच्या दिवशी नव्हे.

मात्र कार्यालय थांबले म्हणून यंत्र थांबू नये. इंटरनेट गेले तरी पीएलसीने काम चालू ठेवावे, नोंदी स्वतःजवळ साठवाव्यात आणि जोडणी परतल्यावर पुढे पाठवाव्यात. उलट पीएलसी थेट इंटरनेटवर उघडा ठेवणे धोक्याचे आहे, कारण यंत्रांमध्ये माहितीची देवाणघेवाण करण्यासाठी १९७९ पासून वापरात असलेल्या मॉडबस या पद्धतीच्या मूळ रचनेत पासवर्डची सोयच नाही. यंत्रांचे जाळे वेगळे ठेवून मध्ये एकच संगणक असावा. बॅकअपची एक प्रत गाळ्याबाहेर, पाणी पोहोचणार नाही अशा ठिकाणी ठेवावी आणि ती अधूनमधून दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेल्या बॅकअपवर विसंबू नये.

कंत्राटदाराला शेवटचा हप्ता देण्यापूर्वी टिप्पण्यांसह मूळ प्रोग्राम, सर्व पासवर्ड आणि प्रत्यक्षातील वायरिंगशी जुळणारे ड्रॉइंग ताब्यात घ्यावे. त्यानंतर सुरुवातीची बिघाडांची यादी काढावी आणि यंत्रात जॉब नसताना, सर्वांना दूर उभे करून, जाणकार वायरमनकडून नियंत्रणाची एकेक तार सोडवावी, सेन्सर झाकावा, नेटवर्कची केबल काढावी आणि मुख्य वीज बंद करून परत सुरू करावी. प्रत्येक वेळी यंत्र यादीत लिहिल्याप्रमाणे वागले तरच त्या ओळीपुढे कारागीर, फिटर आणि कंत्राटदार यांनी सही करावी. हीच चाचणी दरवर्षी मे महिन्यात, पाऊस येण्यापूर्वी, पुन्हा घ्यावी. आणि प्रोग्राममध्ये लहानसा बदल झाला तरी त्याच दिवशी, पुढची पाळी सुरू होण्याआधी, त्या बदलाशी संबंधित ओळी तपासाव्यात.