थेरपी आणि श्रद्धा: या चुका टाळा

थेरपीला आलेली माणसं झोप, भूक, घरातली भांडणं, ऑफिसचं टेन्शन सगळं सांगतात, पण आपण रोज प्रार्थना करतो किंवा सध्या देवावर चिडलोय हे चार-पाच सेशन झाली तरी सांगत नाहीत. मी समुपदेशन करते आणि हे इतक्यांदा पाहिलंय की आता पहिल्याच भेटीत मीच विचारते, अवघड वेळी तुम्हाला आधार कशाचा वाटतो? तेव्हा कुठे हळूच निघतं, कारण मनात भीती असते की मॅडम अंधश्रद्धा म्हणतील. तर पहिली चूक हीच, लपवू नका. रात्री तीनला जी गोष्ट तुम्हाला सावरते ती थेरपिस्टला माहीतच नसेल तर काम अर्धवटच होणार ना. आणि सांगितल्यावर कोणी खरंच खिल्ली उडवली तर थेरपिस्ट बदला. उलट कोणी स्वतःचीच श्रद्धा तुमच्या गळ्यात मारायला लागलं तरीही बदला.

दुसरी चूक मला सगळ्यात जास्त सलते, ती म्हणजे दुःखावर श्रद्धेचं झाकण ठेवणं. जॉन वेलवुड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये याला 'स्पिरिच्युअल बायपासिंग' असं नाव दिलं, आणि ते स्वतः बौद्ध साधना करणारे होते, म्हणजे अध्यात्माचे विरोधक नव्हतेच. माझ्याकडे एक ताई यायच्या, भाऊ गेला होता, "जे होतं ते चांगल्यासाठीच" असं हसून सांगायच्या आणि पर्सचा पट्टा असा आवळून धरलेला की बोटं पांढरी पडलेली. मी एवढंच विचारलं की त्याचा शेवटचा फोन कधी आला होता, आणि मग त्या सेशन संपेपर्यंत रडल्या. पुढच्या वेळी म्हणाल्या, आयुष्यात पहिल्यांदा देवाशी भांडले. श्रद्धा गेली नाही हो त्यांची, उलट आता ती खरी वाटते म्हणाल्या. स्वतःचं ओळखायचं असेल तर बघा, "माफ केलं", "नशिबात होतं" असं बोलल्यावर आतून मोकळं वाटतं की फक्त विषय बंद होतो? नुसता विषय बंद होत असेल तर तिथेच काहीतरी अडकलंय.

'देव मला शिक्षा देतोय' हा विचार असेल तर तोही आवर्जून बोला. केनेथ पार्गमेंट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी धर्म आणि ताण यावर बरीच वर्षं काम केलंय, त्यात श्रद्धेचा आधार वाटणं आणि देवाने टाकून दिल्यासारखं वाटणं हे दोन वेगळे प्रकार धरलेत, आणि दुसऱ्यात त्रास वाढलेला दिसतो.

प्रार्थनेत एक शब्द चुकला म्हणून परत पहिल्यापासून, मग परत, असं तासभर चालत असेल, मनात घाणेरडा विचार आला म्हणून प्रायश्चित्त, आणि घरच्यांना सारखं विचारणं "मी पाप नाही ना केलं?", तर ती भक्ती जास्त झाली असं समजू नका, तो ओसीडी असू शकतो, म्हणजे नको ते विचार सारखे येणं आणि ते शांत करायला तीच कृती परत परत करावी लागणं, असा आजार. इथे घरच्यांची चूक म्हणजे दर वेळी "नाही गं, काही पाप नाही" असं समजावत बसणं, तेवढ्यापुरतं बरं वाटतं पण चक्र अजून घट्ट होतं. याच्यावर चांगली थेरपी आहे आणि त्यासाठी श्रद्धा सोडावी लागत नाही.

ध्यान छान चाललंय म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळूच.

आणि ध्यानाचा हट्टही नको. मोठा आघात झालेल्यांना डोळे मिटून बसलं की कधी कधी तेच सगळं समोर येतं, छाती धडधडते, मग वाटतं मीच कमी पडतेय. तसं नसतं. डोळे उघडे ठेवा, पाय जमिनीला टेकवा, दोन मिनिटंच बसा, तरी जमलं नाही तर थांबा आणि थेरपिस्टला सांगा.

आता विषय काढायचा कसा असं वाटत असेल तर पुढच्या सेशनला बसल्या बसल्या सरळ म्हणा, "माझ्या श्रद्धेबद्दल मी तुम्हाला अजून काहीच सांगितलं नाहीये."