मोटारीतील मेझुझा: काय ठेवावे आणि कसे लावावे

मेझुझा ही ज्यू घरांच्या दाराला लावायची पवित्र वचनांची गुंडाळी; हिब्रूत ‘मेझुझा’ म्हणजे मुळात दाराची बाही. शमा, म्हणजे ‘हे इस्राएल, ऐक’ ही तोरातील श्रद्धेची घोषणा, आणि तिच्या पाठची वचने सोफेरने, म्हणजे धर्मलेखकाने, चर्मपत्रावर 22 ओळींत आणि 713 अक्षरांत हाताने लिहायची आणि ती गुंडाळी घरात शिरताना उजव्या हाताला येणाऱ्या बाहीवर, वरच्या तृतीयांशाच्या सुरुवातीला लावायची, हा तिचा विधी आहे. हा विधी राहत्या वास्तूसाठी आहे. ‘शुल्हान आरुख’ या ज्यू धर्मनियमांच्या संहितेने जहाजावरील खोलीलाही त्यातून सूट दिली आहे, मग मोटारीला तो लागू होत नाही, हे ओघाने आलेच. त्यामुळे गाडीत मेझुझाची डबी, म्हणजे गुंडाळी ठेवायचे छोटे आवरण, लावताना मेझुझाची ब्राखा, म्हणजे आशीर्वचन, म्हणू नये. माणूस ज्यात कायम मुक्काम करतो अशा फिरत्या घराची गोष्ट निराळी असून तिथे रब्बींचा, म्हणजे धर्मगुरूंचाच, सल्ला घ्यावा.

गाडीसाठी डबी घेताना आत काय आहे ते आधी उघडून पाहावे. बहुतेक डब्यांत ‘तफिलात हादेरेख’, म्हणजे प्रवासाची प्रार्थना, छापलेली असते, आणि माझ्या मते तेच योग्य आहे. खरी गुंडाळी गाडीत ठेवू नये, कारण मे महिन्यात अलिबागच्या उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत चर्मपत्र आकसते, शाई तडकते आणि एक अक्षर जरी तुटले तरी सबंध गुंडाळी बाद होते. तसा खर्च करायचाच असेल, तर घराच्या एखाद्या सुन्या दाराला ती लावावी.

डबी चिकटवण्यापूर्वी जागा कोरड्या फडक्याने पुसून घ्यावी आणि दुहेरी चिकटपट्टीने ती चालकाच्या दृष्टीच्या आड न येणाऱ्या, एअरबॅगपासून दूर असलेल्या जागी बसवावी. आरशाला लटकवणे टाळावे, कारण हेलकावणारी वस्तू रस्त्यावरचे लक्ष विचलित करते.

खरे महत्त्व डबीला नसून प्रार्थनेला आहे. गाव मागे पडल्यावर, पुढचा प्रवास साधारण 4 किलोमीटरांहून अधिक असेल, तर दिवसातून एकदा ती म्हणावी. चालकाने मात्र गाडी थांबवूनच म्हणावी, किंवा सोबतच्याने म्हणावी आणि चालकाने ‘आमेन’ म्हणावे. तिच्यातील ‘आम्हांला शांतीने ने’ हे अनेकवचन मला फार मोलाचे वाटते, कारण माणसाने प्रार्थनेत स्वतःला समाजाशी जोडून घ्यावे हा आबये या प्राचीन धर्मपंडितांचा आग्रह तालमुद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथात नोंदलेला आहे. त्याच दिवशी परतायचे असल्यास सुखरूप परतीची विनंतीही तीत जोडतात.

कोकणातील बेने इस्राएल या ज्यू समाजाच्या घरांत बाहेर पडताना मेझुझाला बोटे लावून ती ओठांना टेकवण्याची रीत आहे. गाडीत बसल्यावर डबीला तसाच हात लावण्यास कोणाचीही हरकत नसावी.

गाडी विकताना डबी काढून घ्यावी. आतील कागदावर परमेश्वराचे नाव असल्याने, तो जीर्ण झाला तरी कचऱ्यात न टाकता सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनागृहात, गनिझासाठी, म्हणजे जीर्ण पवित्र लिखाण आदराने जपून ठेवण्यासाठी, द्यावा.