बालकांचा बाप्तिस्मा : वादाचा उतारा अभ्यासगटात कसा तपासावा

घरात बाळ आलं किंवा दोन वेगळ्या मंडळ्यांत (चर्चमध्ये) सोयरीक जुळली की हा प्रश्न निघतोच: तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करावा, की मूल मोठं होऊन स्वतः विश्वास कबूल करेपर्यंत थांबावं? रोमन कॅथलिक, अँग्लिकन, लुथरन, मेथडिस्ट आणि प्रेस्बिटेरियन परंपरांमध्ये बालकांचा बाप्तिस्मा होतो. बॅप्टिस्ट आणि बहुतेक पेंटेकॉस्टल मंडळ्या बाळाचं समर्पण करून, म्हणजे त्याला प्रार्थनेने देवाच्या हाती सोपवून, थांबतात. नवा करार मात्र दोन्हीकडे तोच. म्हणून ‘शास्त्र मानणारा आमच्याच बाजूचा असणार’ हे वाक्य बैठकीत येऊच देऊ नका. वचन काय म्हणतं यावर इथे फारसं भांडण नाही. वचन जिथे काहीच बोलत नाही तिथे काय समजायचं, यावर खरं भांडण आहे.

गट सहा ते दहा जणांचा असावा, वेळ दीड तास. दोन्ही बाजूंची माणसं हवीत, नाहीतर फक्त माना डोलतात. दोन वेगळी मराठी भाषांतरं आणा. भिंतीवर मोठा कागद लावून त्यावर तीन रकाने आखा: ‘लिहिलंय’, ‘आपण काढलेला अर्थ’, ‘लिहिलेलं नाही’. उतारा आधीच कळवा: प्रेषितांची कृत्ये १६:११-३४. या एका उताऱ्यात फिलिप्पै इथली दोन घराणी बाप्तिस्मा घेतात, आणि दोन्ही बाजू आपला पुरावा याच उताऱ्यातून काढतात.

उतारा दोनदा मोठ्याने वाचा. मधे कुणी काही बोलायचं नाही. मग वीस मिनिटं फक्त पहिला रकाना भरा. लुदिया या व्यापारी स्त्रीचं अंतःकरण प्रभूने उघडलं, तिचा व तिच्या घराण्याचा बाप्तिस्मा झाला: एवढंच लिहा. बंदिशाळेच्या नायकाच्या घरातल्या सर्वांना वचन सांगितलं (३२), त्याच रात्री त्याचा व त्याच्या सगळ्यांचा बाप्तिस्मा झाला (३३), मग घरात आनंद झाला (३४). या ३४व्या वचनाशी भाषांतरं ताडून पाहा. ग्रीक वाक्यात ‘सर्व घराण्यासह’ हे आनंदालाही जोडता येतं आणि विश्वासालाही, म्हणून भाषांतरकाराला एक बाजू निवडावी लागते. ज्याच्या हातात एकच भाषांतर आहे, त्याला इथे निवड झाली आहे हेच कळत नाही.

‘घराण्यात लेकरं असणारच’ असं कुणीतरी म्हणेल. ते दुसऱ्या रकान्यात. ‘सर्वांना वचन सांगितलं, म्हणजे सगळे समजण्याच्या वयाचे होते’ हेही दुसऱ्याच रकान्यात. दोघांनाही आपलं म्हणणं पहिल्या रकान्यात हवं असतं, आणि गट चालवणाऱ्याने नेमकं इथेच घट्ट राहायचं. जोडीला १ करिंथ १:१६ आणि १६:१५ वाचा. स्तेफनाच्या घराण्याचा बाप्तिस्मा प्रेषित पौलाने केला, आणि हेच घराणं पुढे पवित्र जनांच्या सेवेला लागलेलं दिसतं.

तिसऱ्या रकान्यात दोन गोष्टी येतात, आणि प्रत्येक बाजू त्यातली एकच सांगते. नव्या करारात तान्ह्या बाळाच्या बाप्तिस्म्याचा स्पष्ट उल्लेख कुठेही नाही. पण विश्वासी आईबापांच्या पोटी जन्मलेलं मूल मोठं होऊन बाप्तिस्मा घेतं, असंही एक उदाहरण नाही. दोन्ही एकाखाली एक लिहा. कागदाकडे पाहूनच आवाज उतरतो.

आता मुख्य काम, निदान अर्धा तास. उत्पत्ती १७:१२ वाचा: आठव्या दिवशी सुंता. देवाचा करार कुटुंबाशी होता आणि तो तसाच पुढे चालू आहे असं जो मानतो, त्याला बाळांना वगळण्यासाठी स्पष्ट आज्ञा लागते. तशी आज्ञा नाही, म्हणून बाळं आत. नवा करार पश्चात्तापापासून सुरू होतो असं जो मानतो, त्याला बाळांना घेण्यासाठी आज्ञा लागते. तीही नाही, म्हणून बाळं बाहेर. दोघांचाही तर्क सरळ आहे, सुरुवात वेगळी आहे. यानंतर एकच नियम लावा: प्रत्येकाने समोरच्याच्या बाजूचं सर्वांत भक्कम वचन वाचून समजावायचं. समर्पणवाल्यांनी कृत्ये २:३९ घ्यावं, जिथे अभिवचन तुम्हांला व तुमच्या मुलाबाळांना आहे. बालबाप्तिस्मावाल्यांनी त्याच्या आधीचं ३८ घ्यावं, जिथे पश्चात्ताप आधी येतो. कलस्सै २:११-१२ दोघांनी मिळून वाचावं: सुंता आणि बाप्तिस्मा तिथे शेजारी आहेत, आणि विश्वासही तिथेच आहे.

इतिहासाला पंधरा मिनिटं पुरतात. इसवी सन २०० च्या सुमारास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्लियन लहान मुलांचा बाप्तिस्मा लांबवावा असा सल्ला देतो. म्हणजे प्रथा तेव्हा होती, आणि तिला आक्षेपही होता. तिसऱ्या शतकात ओरिगेन हा धर्मपंडित ती प्रथा प्रेषितांपासून आल्याचं सांगतो. २१ जानेवारी १५२५ रोजी झुरिकमध्ये काहींनी प्रौढ वयात पुन्हा बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला ५ जानेवारी १५२७ रोजी लिम्मात नदीत बुडवून मारलं. त्यांच्या विरोधात असलेला झुरिकचा धर्मसुधारक झ्विंग्लीही शास्त्रालाच अंतिम अधिकार मानत होता. तेव्हा ‘फक्त शास्त्र’ एवढ्याने हा वाद मिटत नाही. परंपरेला किती वजन द्यायचं हे प्रत्येकाने इथे एका वाक्यात सांगावं. कॅथलिक सदस्य असेल तर त्याचं उत्तर वेगळं असणार, आणि ते मोकळेपणाने येऊ द्यावं.

काही जागी बैठक हमखास घसरते. मार्क १६:१६ वर (‘जो विश्वास धरतो व बाप्तिस्मा घेतो त्याचं तारण होईल’) सगळी भिस्त ठेवू नका. मार्क १६:९-२० हा भाग सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. हबशी अधिकाऱ्याची कबुली देणारं कृत्ये ८:३७ हेही जुन्या प्रतींत नाही. ज्याचा मुद्दा या वचनांवर उभा आहे, त्याला हे बैठकीआधी बाजूला घेऊन सांगा, चारचौघांत नको. दुसरं, शिंपडणं की बुडवणं हा प्रश्न वेगळा ठेवा. दिदाखे या फार जुन्या मंडळी-नियमावलीत वाहतं पाणी पसंत केलं आहे, आणि पुरेसं पाणी नसेल तर डोक्यावर तीनदा ओतायला सांगितलं आहे. यातून वयाचं उत्तर निघत नाही.

दोन्ही प्रथा एका छपराखाली नांदू शकतात का, असं विचारलं तर नागपूरचं उदाहरण द्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी तिथे सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्यांत अँग्लिकन होते तसे बॅप्टिस्टही होते, आणि बालबाप्तिस्मा व विश्वासी व्यक्तीचा बाप्तिस्मा या दोन्ही प्रथा मान्य झाल्या. गाठ उरली ती पुनर्बाप्तिस्म्याची. बाळपणी बाप्तिस्मा झालेला माणूस पुन्हा मागतो तेव्हा एक बाजू त्याला दुसरा बाप्तिस्मा म्हणते, तर दुसरी पहिलाच. एक इफिस ४:५ दाखवते (‘एकच बाप्तिस्मा’), दुसरी कृत्ये १९:१-५ (योहानाचा बाप्तिस्मा झालेले शिष्य पुन्हा बाप्तिस्मा घेतात). गटातल्या कुणाच्या घरात हा प्रश्न प्रत्यक्ष उभा असेल, तर तो बैठकीत सोडवू नका. कागदाची एक प्रत त्याच्याकडे द्या, आणि तो, त्याचं कुटुंब व पाळक यांना वेगळं बसू द्या.