सॅक घेताना ती आधी पोटावर घालून बघा

दुकानात सॅक घ्यायला गेलं की आपण काय करतो, पाठीवर अडकवतो, आरशात वळून वळून बघतो, पट्टे ओढतो आणि छान बसतेय म्हणून पैसे देऊन मोकळे होतो. आणि सोमवारी सकाळी डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर लोकल यायच्या आधी तीच सॅक काढून पुढे पोटावर घेतो, कारण पाठीवर सॅक ठेवून डब्यात शिरलात की मागच्या बाई सुरू होतात आणि त्यांचं बरोबरच असतं. म्हणजे जी वस्तू रोज दोन-अडीच तास पोटावर वागवायची ती घेताना एकदाही पोटावर घालून बघायची नाही. मी पण नव्हती बघितली, तीन सॅका वाया घालवल्यावर अक्कल आली. आता बारा वर्षं झाली डोंबिवली-दादर करतेय, तर जे कळलंय ते लिहून टाकते, नवीन नोकरी लागलेल्यांचे तरी पैसे वाचतील.

सॅक पुढे घेतली की सगळं उलटं होतं. पाठीला लागणारी बाजू तुमच्या छातीला लागते आणि बाहेरचा तो मस्त मोठा कप्पा, ज्यात आपण सवयीने पाकीट टाकतो, तो जातो थेट समोर उभ्या असलेल्या बाईच्या हाताशी. म्हणून त्या कप्प्यात रुमाल, कंगवा, फार तर लिमलेटच्या गोळ्या. फोन आणि पाकिटासाठी पाठीच्या बाजूला चेनवाला चोरकप्पा असलेलीच सॅक घ्या, पुढे घातल्यावर तो तुमच्या अंगाला चिकटून राहतो, कोणाचा बाप तिथे हात घालू शकत नाही. फक्त तो एका हाताने उघडतो का ते दुकानातच बघायचं. एक हात वर कडीला धरल्यासारखा करा आणि दुसऱ्या हाताने फोन काढून परत ठेवून दाखवा. दुकानदार हसेल, हसू दे. काही सॅकांमध्ये हा कप्पा इतका खाली असतो की फोन काढायला बगलेतून हात घालून डान्स करावा लागतो, तसली नको.

जाडी पण तशीच बघायची. २० ते २२ लीटरची सॅक रोजच्याला भरपूर होते, त्यात लॅपटॉप, डबा, छत्री सगळं बसतं. तीस-पस्तीस लीटरची घेतली की ती भरली जातेच, रिकामी जागा आपल्याला बघवत नाही, आणि मग गर्दीत तुम्ही एकट्या दोन माणसांची जागा खाता. बाटलीसाठी बाजूला जाळीचा कप्पा असतो तो ऑफिसात पोचल्यावर ठीक आहे, गाडीत मात्र बाटली आत टाकायची. माझी बाटली दिवा स्टेशनला कोणाच्या तरी ओढणीत अडकून जी सुटली ती गडगडत दरवाज्यापर्यंत गेली आणि मग रुळावर. आणि पट्ट्यांची लोंबणारी टोकं गुंडाळून रबरबँड लावा, ती कोणाच्या ना कोणाच्या बॅगेच्या बकलात अडकतात आणि उतरताना अर्धा डबा तुमच्याबरोबर ओढला जातो.

आता वजन. मागच्या वर्षी मान आणि उजवा खांदा इतका धरला की झोप येईना. रद्दीवाला आला होता तेव्हा सहज म्हटलं दादा जरा ही पण अडकव काट्याला, तर निघाली ६ किलो ३०० ग्रॅम. तो म्हणाला, ताई यात काय पेपर भरलेत का. मग संध्याकाळी सगळं पलंगावर ओतलं आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक ठेवून बघितलं. लॅपटॉप १.६ किलो, त्याचा विटेएवढा चार्जर ४०० ग्रॅम, पाण्याने भरलेली बाटली १ किलो, भरलेला स्टीलचा डबा ९०० ग्रॅम, नुसती रिकामी सॅक ९०० ग्रॅम, छत्री साडेतीनशे, २०००० एमएएचची पॉवरबँक ४०० ग्रॅम. उरलेला पाऊण किलो म्हणजे जुन्या भाड्याच्या घराची किल्ली, मूठभर सुट्टे पैसे, तारीख उलटलेल्या गोळ्यांची पाकिटं, दोन लिपस्टिक, तीन पेनं त्यातली दोन न चालणारी, आणि सुईदोऱ्याचा डबा जो मी आयुष्यात एकदाही उघडलेला नाही. सुईदोरा ठेवलाय तरी, पण डबा नाही, कागदाला गुंडाळून.

कमी काय केलं तर पहिल्यांदा बाटली अर्ध्या लीटरची केली, ऑफिसात पाणी मिळतंच. पॉवरबँक १०००० वर आणली. लॅपटॉपच्या विटेऐवजी ६५ वॉटचा टाइप सी चार्जर घेतला, त्याच्यावर फोन पण होतो आणि लॅपटॉप पण. पण हे घ्यायच्या आधी तुमचा लॅपटॉप टाइप सी ने चार्ज होतो का ते तपासा, नुसतं तसं भोक असलं म्हणजे होतोच असं नाही, आणि केबलवर किती वॉट लिहिलंय ते बघा, बऱ्याच केबली ६० च्याच असतात, १०० ची घ्या. एवढ्यानेच जवळजवळ एक किलो उतरला. डबा मात्र स्टीलचाच ठेवला, प्लॅस्टिकमध्ये भाजीचा वास राहतो आणि तेल सॅकेत उतरतं ते वेगळंच.

पॉवरबँकेबद्दल एक गोष्ट लोकांना कळत नाही म्हणून चिडचिड होते. १०००० एमएएच (किती चार्ज मावतो त्याचा आकडा) लिहिलेलं असतं ते आतल्या सेलचं, ३.७ व्होल्टला. बाहेर येताना ते ५ व्होल्ट होतं आणि वाटेत थोडं उष्णतेत जातं, त्यामुळे हातात साधारण सहा-साडेसहा हजारच पडतात. मागे बारीक अक्षरात रेटेड कपॅसिटी म्हणून तो खरा आकडा छापलेला असतो. म्हणजे ५००० बॅटरीचा फोन फार तर दीड वेळा भरेल, दोन वेळा नाही. रोजच्याला तेवढं पुरतं. घेताना बीआयएसचा (सरकारी मानक संस्थेचा) शिक्का आणि त्याच्यासोबतचा आर ने सुरू होणारा नंबर बघा, तो नसेल तर स्टेशनबाहेर कितीही स्वस्त मिळाली तरी हात लावू नका, ती वस्तू तुम्ही पोटाला बांधून उभ्या असता हे लक्षात ठेवा. आणि फुगली की त्याच दिवशी वापरणं बंद, टोचून बघायची नाही, कचऱ्यात टाकायची नाही, ई-वेस्ट घेणाऱ्याकडे द्यायची. विमानाने जाणार असाल तर पॉवरबँक चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, हातातल्या बॅगेत ठेवायची, १०० वॉटअवरपर्यंत, आणि १०००० वाली ३७ वॉटअवरची असते तर २०००० वाली ७४ ची, त्यामुळे दोन्ही बसतात.

लोकलवाल्याला पॉवरबँक लागते ती मुख्य म्हणजे पासासाठी. पास फोनवर आणि फोन बंद पडला तर टीसीसमोर तुम्ही विनातिकीटच. गाण्यांसाठी मी परत वायरवाला इअरफोन घेतलाय, कारण बड्सचा एक तुकडा ठाण्याला उतरताना कानातून निसटून प्लॅटफॉर्म आणि गाडीच्या फटीत गेला, दुसऱ्या कानातला घरी ड्रॉवरमध्ये पडून आहे, टाकवत पण नाही. आणि काहीही वापरा पण एक कान मोकळा ठेवा.

कापडाकडे येते. लेबलवर ६००डी, ९००डी, १६८०डी असं लिहिलेलं असतं, डी म्हणजे डेनियर, ९००० मीटर धाग्याचं वजन ग्रॅममध्ये जेवढं तेवढा आकडा, म्हणजे आकडा मोठा तसा धागा जाड आणि सॅक जड. पॉलिस्टरची ६००डी पुरते. कापडापेक्षा शिलाई बघा, पट्टा जिथे वरती जोडलेला असतो तिथे एकच सरळ टाका आहे का चौकोन मारून त्यात फुली मारलीय ते बघा, फुलीवालीच घ्या. माझी दुसरी सॅक ऑनलाइन मागवलेली, दिसायला एकदम देखणी, चार महिन्यांत पट्टा मुळापासून उसवला तो नेमका परळच्या पुलावर, गर्दीत. चेन बघताना रनरच्या (चेन उघडबंद करायच्या सरकत्या तुकड्याच्या) मागे नंबर असतो, ५ असेल तर बारीक, मोठ्या कप्प्याला ८ किंवा १० नंबरची चेन जास्त वर्षं जाते. चेन अडायला लागली की मेणबत्ती घासा, दातांमध्ये फट राहायला लागली तर बहुतेक वेळा रनर सैल झालेला असतो, चेन नाही. त्यासाठी नवीन सॅक घेऊ नका, स्टेशनबाहेर छत्री-चेनवाले बसतात ते पाच मिनिटांत रनर बदलून देतात.

पावसाळा हा वेगळाच विषय. वॉटरप्रूफ लिहिलेल्या बहुतेक सॅका वॉटरप्रूफ नसतात, कापडाला आतून लेप असतो पण पाणी शिरतं चेनीतून आणि शिलाईतून. रेनकव्हर घाला पण ते पाठीकडून उघडं असतं, आणि सॅक पुढे घेतली की ती उघडी बाजू तुमच्या ओल्या ड्रेसला लागून बसते, म्हणजे पाणी तिथून येणारच. उपाय आतून करायचा. लॅपटॉप आधी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि मग सॅकेत. फोनसाठी आमच्याकडे आई दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून ठेवते, त्याच्यासारखं कव्हर जगात नाही. ओली छत्री सॅकेत टाकायची असेल तर तिच्यासाठी वेगळी पिशवी हवीच. छत्री तीन घडीची सोयीची, पण दादरच्या पुलावरच्या वाऱ्यात उलटी होते, दोन घडीची टिकते, तुम्ही ठरवा.

आई त्या पिशव्यांबरोबर एक पार्लेजीचा पुडा पण टाकते. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ती अंधेरीला नोकरीला होती, दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचली, आणि तिच्या पर्समध्ये खायला काहीच नव्हतं. तेव्हापासून जून ते सप्टेंबर पुडा, प्लॅस्टिकच्या पिशवीत पायमोजे, आणि पाकिटात वेगळी घडी करून ठेवलेले पाचशे रुपये. मोबाइलचं पेमेंट नेट असेपर्यंतच.

चोरीचं थोडक्यात. दरवाज्यात उभं राहून फोन हातात धरू नका, रुळाच्या कडेने काठी मारून फोन पाडणारे असतात, फटका म्हणतात त्याला, आणि त्याच्यात फोन तर जातोच पण तोल पण जातो. *#०६# दाबून येणारा आयएमईआय नंबर (फोनचा स्वतःचा ओळख नंबर) घरी कागदावर लिहून ठेवा, फोन गेला तर पोलिसांत तक्रार करून सरकारच्या संचार साथी वेबसाइटवर तो ब्लॉक करता येतो, पण नंबर त्याच फोनमध्ये सेव्ह केलेला असेल तर काय उपयोग. सॅक रॅकवर ठेवली असेल तर तिचा पट्टा कडीभोवती एक वेढा देऊन ठेवा, डुलकी लागली तरी उतरताना आठवतं. आत एका चिठ्ठीवर घरच्या कोणाचा तरी नंबर लिहा, तुमचा स्वतःचा नको, फोन त्याच सॅकेत असतो. विसरलीच तर लगेच रेल्वेच्या १३९ ला फोन, कुठली गाडी, कितवा डबा, कुठल्या बाजूचा रॅक हे सांगता आलं तर सापडायची शक्यता वाढते.

धुवायचं म्हणाल तर मशीनमध्ये कधीच नाही, आतला लेप सुटतो आणि मग काळे पापुद्रे डब्याला चिकटायला लागतात. बादलीत थोडी पावडर, मऊ ब्रश, आणि सावलीत उलटी टांगून वाळवायची. पावसात भिजून आलात तर रात्रीच सगळे कप्पे उघडून आत पेपर कोंबा आणि फॅनखाली ठेवा, नाहीतर दोन दिवसांत कुबट वास येतो, आणि तो वास सॅक पोटावर असल्यामुळे सगळ्यात आधी तुमच्याच नाकात जातो, डोंबिवलीपासून थेट दादरपर्यंत.