हायब्रिड गाडी सुरू होत नसेल तर

बटण दाबूनही इंजिनाचा आवाज आला नाही, एवढ्यावरून हायब्रिड गाडी बिघडली असे समजू नये. टोयोटाच्या प्रियस, हायरायडर किंवा इनोव्हा हायक्रॉसमध्ये आधी ‘रेडी’ हा दिवा लागतो आणि इंजिन गरज पडेल तेव्हाच सुरू होते. त्यामुळे तपासाची सुरुवात या दिव्यापासूनच करावी.

दिवा लागत नसेल, तर गिअर ‘पी’वर (पार्किंगवर) ठेवून, ब्रेक पूर्ण दाबून बटण दाबावे. चावीतला सेल उतरला असेल, तर ब्रेक दाबून चावी बटणाला टेकवावी आणि मग बटण दाबावे.

तरीही गाडी ढिम्म राहिली, तर संशय १२ व्होल्टच्या लहान बॅटरीवर घ्यावा. या गाड्यांत नेहमीचा सेल्फ नसतो, इंजिन गाडी चालवणाऱ्या मोठ्या, उच्च व्होल्टेजच्या बॅटरीवर चालणाऱ्या मोटरने फिरते. म्हणून लहान बॅटरीकडे कोणी लक्ष देत नाही. परंतु गाडीतील संगणक आणि मोठी बॅटरी जोडणारे रिले (विजेवर चालणारे स्विच) या लहान बॅटरीवरच चालतात, त्यामुळे ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही उपयोगाची राहत नाही. गाडी काही तास बंद ठेवून लहान बॅटरीला मल्टीमीटर (व्होल्ट मोजणारे उपकरण) लावावा: १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, आणि १२ च्या खाली असल्यास आधी चार्ज करावी. टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर असेल तर तो साफ करून पकड घट्ट करावी. ‘रेडी’ लागल्यानंतर हाच आकडा १४ च्या आसपास जायला हवा, तो १२.४ वरच अडकला, तर नवी बॅटरी घेण्यापूर्वी मोठ्या बॅटरीवरून लहान बॅटरी चार्ज करणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर तपासून घ्यावा.

जंप देताना, म्हणजे दुसऱ्या बॅटरीच्या आधाराने गाडी सुरू करताना, लाल वायर धन टर्मिनलला आणि काळ्या वायरचे शेवटचे टोक बॅटरीपासून दूर, रंग नसलेल्या धातूला लावावे. वायरी उलट लागल्या तर महागडी इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतात, म्हणून घाई करू नये.

‘रेडी’ लागूनही इंजिन नुसते फिरते आणि पेट घेत नाही, तेव्हा प्रथम पेट्रोल पाहावे, मग गाडीच्या संगणकातील दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावावा. ‘पी०ए०एफ’ हा कोड इंजिन सुरू न झाल्याचे, तर ‘पी०ए८०’ हा मोठ्या बॅटरीचा दोष सांगतो. तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये थंड इंजिन सकाळी सुरू होताना जोरात हादरत असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केटची (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांमधल्या सीलची) गळती संभवते. अशा वेळी नुसते स्पार्क प्लग बदलण्यात पैसे घालवू नयेत. कूलिंग सिस्टिमला रात्रभर दाब देऊन सकाळी प्लगच्या छिद्रातून कॅमेऱ्याने सिलिंडरमध्ये ओल दिसते का ते पाहायला सांगावे आणि ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा) काजळीने तुंबले आहे का, तेही तपासून घ्यावे.

नारिंगी वेष्टनाच्या केबलला मात्र घरी हात लावू नये. त्यांत प्राणघातक व्होल्टेज असते, आणि सर्व्हिस प्लग (मोठी बॅटरी तोडणारा खटका) काढल्यावरही वीज साठवणारे कपॅसिटर रिकामे होईपर्यंत किमान १० मिनिटे थांबावे लागते. ते काम इन्सुलेटेड हातमोजे असलेल्या प्रशिक्षित मेकॅनिककडेच द्यावे आणि देताना मल्टीमीटरचे आकडे व स्कॅनरचे कोड लिहून सोबत द्यावेत.