स्वस्त पॉइंट टू टू रायफलीला कोणतं काडतूस मानवतं, ते कसं शोधावं

एकाच कारखान्यातून एकाच आठवड्यात निघालेल्या दोन पॉइंट टू टू रायफली घ्या. एकीला जे काडतूस मानवतं ते दुसरीला मानवेलच असं नाही. महागड्या मॅच रायफलीतही हे होतं, पण स्वस्त रायफलीत जास्त, कारण तिच्या चेंबरच्या (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेच्या) आणि नळीच्या मापांत कारखान्यानं सढळ हातानं सूट घेतलेली असते. त्यामुळे ‘सगळ्यात चांगलं काडतूस कोणतं’ हे दुकानदाराला विचारून काही उपयोग नाही. उत्तर तुमच्याच रायफलीकडून कागदावर काढून घ्यावं लागतं.

इंदूरच्या रेंजवर फुकट सल्ल्याला तोटा नाही. विसेक किलोमीटरवर महूला लष्कराचं मार्क्समनशिप युनिट आहे. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलात रौप्यपदक मिळवणारा विजय कुमार त्याच युनिटमध्ये घडला, आणि तो प्रकारही याच .२२ काडतुसावर खेळला जातो. त्यामुळे ‘महूवाले अमुक वापरतात, तुम्हीही तेच घ्या’ असं सांगणारे काका इथे हमखास भेटतात. त्यांचं ऐकून घ्यावं, चहाही प्यावा, पण काडतुसांचा पूर्ण कोटा त्या भरवशावर उचलू नये.

कायद्याचं आधी. .२२ रायफल १९५९च्या शस्त्र कायद्याखाली येते. परवाना, परवान्यावरची काडतुसांची मर्यादा आणि अधिकृत विक्रेत्याकडून नोंद करून खरेदी, यातून सुटका नाही. चाचणी मान्यताप्राप्त रेंजवरच करायची. शेतात, धरणाच्या काठाला, मामांच्या फार्महाउसवर नाही. एवढीशी दिसणारी ही गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. परवाना नसलेल्यांनी हीच पद्धत .१७७च्या एअर रायफलीत निरनिराळे छर्रे घेऊन १० मीटरवर वापरावी. २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या अशा रायफलीला परवाना लागत नाही आणि शिकायला मिळतं तेच.

काडतुसात फरक कसला

.२२ हे रिमफायर काडतूस आहे. रिमफायर काडतुसात पेट घेणारा मसाला पितळी टोपणाच्या कडेच्या आत भरलेला असतो. तो कडेला सगळीकडे सारखा पसरला नाही की स्फोट सारखा होत नाही आणि गोळीचा वेग कमी-जास्त होतो. ५० मीटरवर वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक पडला तर गोळी सहा-सात मिलिमीटर वर किंवा खाली लागते. ऑलिंपिकच्या ५० मीटर कार्डावर दहाचं वर्तुळच १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ला पॅरिसमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवलं, त्या पातळीचे नेमबाज एकाच ब्रँडचे वेगवेगळे लॉट (एका खेपेत बनलेला माल म्हणजे एक लॉट) पारखून का घेतात, ते यावरून समजावं.

मोठ्या बोअरची काडतुसं परदेशात हौशी लोक घरी पुन्हा भरतात, दारू कमी-जास्त करून रायफलीला जुळवतात. रिमफायरमध्ये ती सोय नाही. टोपण एकदा ठोकलं गेलं की संपलं. आपल्या हातात फक्त निवड उरते.

काय काय आणावं

चार प्रकार पुरे. दुकानात मिळणारं साधं देशी काडतूस, एक-दोन मध्यम किमतीची स्टँडर्ड व्हेलॉसिटी (साध्या वेगाची), जसं एसके स्टँडर्ड प्लस किंवा सीसीआय स्टँडर्ड, आणि परवडलं तर एक वरच्या दर्जाचं, एली किंवा लापुआचं. आयात माल इथे सदासर्वकाळ मिळत नाही. म्हणून जे पुन्हा मिळण्याची शक्यता आहे तेच चाचणीला घ्या. कोणाकडून भेट मिळालेला एकुलता एक डबा सर्वांत सरस ठरला तर फक्त जीव जळतो.

हाय व्हेलॉसिटी, म्हणजे जास्त वेगाच्या काडतुसांबद्दल माझं मत सरळ आहे: कागदावर नेम पाहायचा तर ती सोडा. वेगवान गोळीला वारा कमी ढकलत असेल असं वाटतं, पण .२२मध्ये उलटं घडतं. स्टँडर्ड गोळी सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या आतच निघते. हाय व्हेलॉसिटी ३७५च्या वर निघते आणि ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा रोध फार असल्यामुळे वाटेत पटापट वेग गमावते. आडवा वारा तिलाच जास्त बाजूला नेतो.

डब्याच्या झाकणावर छापलेला लॉट नंबर पहिल्याच दिवशी वहीत उतरवा. आणि काडतुसं मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवून रेंजवर येऊ नका. मालव्याच्या उन्हात त्यांच्यावरचं मेण मऊ होतं, मग काय मोजलं ते देव जाणे.

आधी रायफल घट्ट करा

काडतुसाला दोष देण्याआधी दस्त्याचे स्क्रू पाहा. स्वस्त रायफलीत दस्ता आणि नळी जोडणारा पुढचा स्क्रू ढिला असेल तर चारही प्रकार सारखेच वाईट दिसतात. स्क्रू नेहमी सारख्या जोरानं आवळा आणि चाचणी संपेपर्यंत पुन्हा हात लावू नका. दुर्बिणीचे माउंटही तपासा. त्यानंतर रायफल पिशव्यांवर स्थिर ठेवून, तिला न हलवता डोळा वर-खाली करून बघा. दुर्बिणीतली फुलीची खूण, म्हणजे क्रॉस, जर लक्ष्यावरून सरकत असेल तर दुर्बीण त्या अंतराला जुळलेली नाही. मोठ्या रायफलीवरून उतरवलेल्या दुर्बिणीत हे हटकून होतं, कारण ती १०० यार्डांना जुळवलेली असते. बदलता येत नसेल तर निदान गाल दर वेळी दस्त्यावर त्याच जागी टेकवा.

नळी एकदाच, मागच्या बाजूनं, मऊ कापडाच्या चिंध्यांनी साफ करा. पितळी ब्रशनं घासत बसण्याची गरज नाही.

टेबल आणि पिशव्या

इथे काडतुसाची परीक्षा आहे, तुमची नाही. म्हणून उभं राहून किंवा झोपून नाही, टेबलावर टेकवूनच गोळी झाडायची. पुढे एक जड पिशवी, मागे दस्त्याखाली एक छोटी. बाजारातली महागडी सामग्री नको. जुन्या जीन्सचा पाय कापून शिंप्याकडून दोन्ही तोंडं शिवून घ्या आणि आत कोरडी वाळू भरा. पुढच्या पिशवीवर लाकडी दस्ता टेकला पाहिजे, नळी कधीच नाही. नळीला खालून आधार लागला की तिची थरथर बदलते आणि गोळी दुसरीकडेच जाते. मागची पिशवी डाव्या मुठीत हलकेच दाबून क्रॉस वर-खाली आणता येतो. हे एकदा हाताला बसलं की चाप ओढताना रायफल हलत नाही.

स्वस्त रायफलीचा चाप जड असतो. त्यावर घाईनं बोट मारू नका, दाब हळूहळू वाढवा.

वारा, वेळ आणि कार्ड

ताशी १५ किलोमीटरचा आडवा वारा ५० मीटरवर स्टँडर्ड गोळीला दोनेक सेंटिमीटर सरकवतो. ही गोष्ट लक्षात घेतली नाही तर तुम्ही काडतूस नाही, झुळका मोजत बसाल. डिसेंबर-जानेवारीत मालव्यात सकाळी हवा पडलेली असते. रेंज उघडल्याबरोबर पहिली जागा धरा, ऊन तापून वारा उठायच्या आत काम आवरतं. २५ मीटरवर एका काठीला लोकरीचा धागा बांधा. धागा ज्या स्थितीत असताना पहिली गोळी झाडली, त्याच स्थितीत पुढच्या झाडा. थांबावं लागलं तर थांबा.

ए४ कागदावर सहा काळी वर्तुळं छापून घ्या, थोडा जाड कागद असला तर भोक स्वच्छ पडतं. नेम वर्तुळाच्या मधोमध धरायचा, गोळ्या मात्र मधोमध लागायची गरज नाही. किंबहुना त्या थोड्या खाली किंवा बाजूला लागलेल्या बऱ्या, म्हणजे नेमाची खूण फाटत नाही. निरनिराळी काडतुसं निरनिराळ्या उंचीवर लागणारच. मधेच दुर्बिणीचे क्लिक फिरवले तर सगळी तुलना गेली.

गोळ्या कोणत्या क्रमानं झाडायच्या

बहुतेक लोक इथेच घसरतात. शिशाच्या गोळीवर मेणासारखं वंगण असतं, ते नळीत आतून बसतं. प्रत्येक ब्रँडचं वंगण वेगळं, म्हणून ब्रँड बदलला की पहिल्या काही गोळ्या आधीच्या वंगणावरून जातात आणि इकडेतिकडे पडतात. तेव्हा प्रत्येक नव्या प्रकाराच्या पहिल्या दहा गोळ्या मोजायच्याच नाहीत, बाजूच्या कागदावर सोडून द्यायच्या. दहा काडतुसं ‘वाया’ घालवायला जिवावर येतं, पण ती वाचवली तर पुढची वीस खरोखर वाया जातात.

त्यानंतर पाच-पाच गोळ्यांचे चार ग्रुप, म्हणजे भोकांचे पुंजके, एकेका वर्तुळावर एक. ५०च्या डब्यातून पहिल्या सकाळी ३० गेली, उरलेली २० दुसऱ्या दिवसासाठी. दुसऱ्या सकाळी क्रम उलटा करा: ज्या प्रकारानं काल शेवट केला त्यानं आज सुरुवात. एरवी थकलेले डोळे आणि वाढलेला वारा नेहमी एकाच काडतुसाच्या वाट्याला येतात. त्या दिवशी न मोजायच्या सुरुवातीच्या गोळ्या पाचच झाडून तीन ग्रुप मिळतात, ते चालतं.

सोबत कोणी असेल तर त्याच्याकडे डबे द्या. तो क, ख, ग, घ अशा खुणा करून सुटी काडतुसं तुमच्या हातात देईल, ब्रँड सांगणार नाही. महागाच्या गोळीवर माणूस जास्त श्वास रोखून नेम धरतो, हे मान्य करायला कोणी तयार नसतं, पण कार्ड सांगतं.

चाप ओढूनही काडतूस उडालं नाही तर रायफल लक्ष्याकडेच धरून किमान ३० सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा. आवाज दबका आला आणि कागदावर भोक नसेल तर पुढची गोळी अजिबात भरू नका. रायफल रिकामी करा, बोल्ट काढा आणि मागच्या बाजूनं नळीत आरपार उजेड दिसतो का ते पाहा. आणि पोहे-जिलबीची पुडी टेबलावर उघडू नका. हातांना शिसं लागलेलं असतं, साबणानं धुतल्यावरच खा.

मोजायचं कसं

सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर म्हणजे ग्रुपचं माप. केंद्र शोधत बसू नका. एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्याच कडेपर्यंत व्हर्नियरनं मोजा, तेवढंच येतं. तिरप्या ओळीत असतील तर त्या ओळीवरच्या एकाच दिशेच्या कडा धरा.

मग चारही ग्रुपची सरासरी. समजा ‘क’चे ग्रुप २२, २७, २४ आणि २७ मिलिमीटर आले, ‘ख’चे १५, ३८, २९ आणि ४२. ‘ख’च्या १५ मिलिमीटरच्या ग्रुपचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरेल, शेजारी नाणं ठेवून. पण सरासरी ‘क’ची २५ आणि ‘ख’ची ३१ आहे. स्पर्धेत तुम्हाला ‘ख’चा तो एकच ग्रुप मिळणार नाही, बाकीचे तीनही मिळतील. ‘ती एक गोळी फ्लायर (बाकीच्यांपासून भरकटलेली) होती, सोडून देऊ’ हा मोहही आवरा. चाप ओढतानाच आपली चूक झाली असं तुम्ही तिथल्या तिथे बोलला असाल, तरच ती गोळी वगळा. कागद पाहिल्यावर नाही.

तीन गोळ्यांच्या ग्रुपवर विसंबू नका. गोळ्या वाढल्या की तोच विखुरलेपणा जास्त उघडा पडतो: ज्या रायफलीचा तीन गोळ्यांचा ग्रुप सरासरी २० मिलिमीटर येतो, तिचा पाचांचा २५च्या पुढे आणि दहांचा ३२च्या आसपास येणार. रायफल तीच, काडतूसही तेच. जाहिरातीतल्या आकड्यांची आणि आपल्या आकड्यांची तुलना करताना गोळ्या किती होत्या ते आधी बघा.

दोन सरासऱ्यांतला फरक लहान सरासरीच्या पाचव्या हिश्श्याहून कमी असेल तर मी ती बरोबरी समजतो आणि स्वस्त काडतूस घेतो. चार ग्रुपमध्ये एवढा फरक नुसत्या योगायोगानंही पडतो. साध्या रायफलीत ५० मीटरवर सरासरी २५ मिलिमीटरच्या आसपास आली तर तक्रार करू नये. सगळ्याच प्रकारांची सरासरी ५०च्या वर गेली, तर काडतुसांवर आणखी पैसे घालण्याआधी स्क्रू, माउंट आणि नळीचं तोंड पुन्हा तपासा. नळीच्या तोंडावर बारीक ठोका असला तरी ग्रुप फाटतो, आणि सेकंडहँड रायफलीत असा ठोका आढळणं नवल नाही.

निवडल्यावर

जे काडतूस निवडलं त्याचेच, त्याच लॉट नंबरचे डबे परवान्यात बसतील तितके घ्या. दुसरा लॉट म्हणजे तुमच्या रायफलीसाठी जवळपास नवीन काडतूस. डब्याचा रंग तोच आहे म्हणून गाफील राहू नका. साठा संपत आला की जुन्या लॉटची तीस काडतुसं बाजूला काढा. नवा लॉट हातात आला की एकाच सकाळी, त्याच टेबलावरून दोन्हींच्या पहिल्या दहा गोळ्या सोडून चार-चार ग्रुप झाडा. कालच्या वहीतल्या आकड्याशी आजचा कागद ताडून पाहिला, तर फरक लॉटचा की हवेचा हे सांगता येत नाही.