वाफ पांढरी नसते! स्थायू-द्रव-वायू लिहिताना या चुका टाळा

पेपर तपासताना एक वाक्य दरवर्षी भेटतं: ‘किटलीतून पांढरी वाफ निघते.’ मी खाली लाल रेघ मारतो आणि पोरं भांडायला येतात. सर, दिसते की डोळ्यांनी! मग मी त्यांना घरची उकळती किटली नीट बघायला लावतो. तोटीच्या अगदी तोंडाशी थोडी जागा रिकामी दिसते, पांढरा लोट तिच्या पुढे सुरू होतो. वाफ आहे ती त्या रिकाम्या जागेत. ती वायू, डोळ्यांना न दिसणारी. पुढचं पांढरं म्हणजे गार हवेत तयार झालेले पाण्याचे बारीक थेंब, म्हणजे द्रव. (लांबूनच बघा. 100 अंशांच्या एक ग्रॅम वाफेचं नुसतं पाणी होतानाच सुमारे 540 कॅलरी उष्णता बाहेर पडते. उकळत्या पाण्यापेक्षा वाफेनं जास्त भाजतं ते यामुळेच.)

आच मोठी केली की उकळतं पाणी आणखी तापतं, ही समजूत तर मोठ्यांचीही. उघड्या पातेल्यात, समुद्रसपाटीला, पाणी 100 अंशांच्या आसपासच राहतं. जास्तीचा गॅस जातो पाणी आटवण्यात. बटाटे लवकर शिजवायचे तर कुकर लावा. आतला दाब वाढतो आणि पाणी 120 अंशांच्या जवळ उकळतं.

‘साखर डब्याचा आकार घेते, म्हणून द्रव.’ एकच दाणा बशीत ठेवून बघा, तो आपला आकार सोडतो का? शिवाय साखरेचा ढीग होतो, पाण्याचा होत नाही.

सिलिंडरमध्ये नुसता वायू असतो, असंही लिहितात. घरच्या भरलेल्या सिलिंडरमधला 14.2 किलो माल बहुतेक द्रवच असतो, दाबाखाली ठेवलेला. त्याच्या वर साठलेला वायू शेगडीकडे जातो.

आणि कापूर! संप्लवनाचं, म्हणजे स्थायूचा द्रव न होता थेट वायू होण्याचं, उदाहरण म्हणून निम्मा वर्ग ‘आरतीत कापूर जळतो’ असं लिहितो. जळणं हा रासायनिक बदल, त्यात कापूर कापूर उरतच नाही. झाकण सैल राहिलेल्या डबीतली वडी न पेटवता झिजते, तळाशी ओल नसते, वास मात्र सगळ्या देवघरात. हे संप्लवन. उत्तरात डबीतला कापूर लिहा, ताटातला नको.